बीपी किती ते नंतर, मोजलं कसं ते आधी सांगा : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

गेल्या अंकात बीपीच्या गोळ्यांवर लिहिलं होतं त्यामुळे प्रश्न पण गोळ्यांचेच येतील असं वाटलं होतं. पण पत्रं आणि मेसेज बघितले तर बहुतेकांचे प्रश्न मोजण्याबद्दल आहेत, कुठलं मशीन, कुठला हात, घरचा आकडा धरायचा की दवाखान्यातला. मला बरंच वाटलं. कुणाचीही गोळी वाढवायच्या किंवा कमी करायच्या आधी तो आकडा कसा घेतला हे विचारलंच पाहिजे असं माझं अगदी ठाम मत आहे, पेशंटने पण विचारावं, त्यात डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नाही. म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिलाय.

प्रश्न : माझं वय ५४. दवाखान्यात बीपी १६२/९६ येतं आणि घरी मुलगा डिजिटल मशीनवर बघतो तर १३४, १३८ असं काहीतरी येतं. डॉक्टर म्हणतात गोळी वाढवूया. मशीन खोटं बोलतंय का? (एक वाचक, कराड)

मशीन लगेच खोटं ठरवू नका आणि डॉक्टरांना पण नको. आधी मला सांगा दवाखान्यात तुमचं बीपी बघताना काय काय चालू होतं? कारण बहुतेक ठिकाणी जे होतं ते असं, पेशंट जिना चढून येतो, तासभर नंबरची वाट बघून वैतागलेला असतो, येताना कोपऱ्यावर चहा झालेला असतो, नंबर लागला की स्टुलावर बसतो म्हणजे पाठीला टेकू नाही, पाय अधांतरी, सिस्टर शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात आणि पट्टा फुगत असतानाच विचारतात काय त्रास होतोय, मग हा बोलायला लागतो, आणि हात असतो मांडीवर नाहीतर नुसता लोंबकळत. यातली एकेक गोष्ट आकडा वर नेते. हाताचंच घ्या, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी हे नीट मोजून बघितलं आणि २०२४ मधे छापलं, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवून आलेल्या आकड्यापेक्षा मांडीवर ठेवला तर वरचं बीपी साधारण ४ ने जास्त आलं आणि बाजूला लोंबत ठेवला तर साधारण साडेसहाने. माणूस तोच, मशीन तेच. त्यात बोलणं आलं, भरलेली लघवी आली, पायावर पाय टाकून बसणं आलं, सगळं मिळून बीपी नसलेल्या माणसाला बीपीचा पेशंट करायला पुरेसं होतं.

बरोबर पद्धत काय, तर मोजायच्या आधी अर्धा तास चहा कॉफी सिगरेट तंबाखू काही नाही, जोराचं चालणं नाही, लघवीला जाऊन यायचं, मग पाठ टेकून खुर्चीत ५ मिनिटं गप्प बसायचं, मोबाईल सुद्धा बघायचा नाही. दोन्ही पाय जमिनीला सपाट. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला. मोजताना तुम्ही बोलायचं नाही आणि शेजारच्यांनी पण बोलायचं नाही. एक रीडिंग झालं की मिनिटभर थांबून दुसरं. हे सगळं करून पण दवाखान्यात वाढतं आणि घरी नॉर्मल येतं अशी माणसं भरपूर असतात, त्याला आम्ही व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतो, म्हणजे डॉक्टरांना बघूनच वाढणारं.

तुमच्या बाबतीत मी काय करेन, तर सलग ७ दिवस घरी सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन रीडिंग घ्यायला सांगेन, सकाळची गोळी आणि नाश्त्याच्या आधीची. पहिल्या दिवसाची सोडून द्यायची आणि बाकी सगळ्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरतात पण घरच्या सरासरीला ती १३५/८५ असते, हे फार जणांना माहीतच नसतं, म्हणून तुमचे १३४ आणि १३८ अगदी काठावरचे आहेत, "घरी नॉर्मल आहे" म्हणून सोडून देता येणार नाहीत. नीट आठवडाभराची वही घेऊन जा, आणि मशीन पण बरोबर न्या, डॉक्टरांच्या मशीनवर आणि तुमच्या मशीनवर एकाच हाताला एकामागून एक बघू दे, फरक किती आहे ते तिथेच कळेल. आणि वहीत सगळे आकडे लिहायचे बरं का, चांगला आला तेवढाच लिहायचा आणि वाढीव आला की "आज टेन्शन होतं" म्हणून खोडायचा असं करू नका. याच्या उलट प्रकार पण असतो, दवाखान्यात छान १२८ आणि घरी किंवा कामावर १५०. तो जास्त धोक्याचा कारण तो कुणाला दिसतच नाही. घरी मोजल्याशिवाय तो सापडणार नाही.

प्रश्न : आमच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं वापरलेलं पाऱ्याचं मशीन काढून टाकलं आणि टेबलावर डिजिटल ठेवलं. पाऱ्याइतकं खरं दुसरं काही नाही असं आम्ही ऐकत आलो. हे बरोबर केलं का त्यांनी? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

सर, तुमचा प्रश्न मला फार आवडला. पाऱ्यावर विश्वास असणं बरोबरच आहे, आजही बीपी मिलिमीटर पाऱ्यातच सांगतात. १७३३ मधे इंग्लंडच्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढतं त्याची नोंद छापली होती, ते ८ फुटांच्या वर चढलं होतं. आता माणसाच्या प्रत्येक तपासणीला काही एवढी उंच नळी उभी करता येत नाही. पारा पाण्याच्या साडेतेरा पटीहून जड, त्यामुळे तेवढाच दाब हातभर नळीत मावतो. १८९६ मधे इटलीत रिवा-रॉची यांनी दंडाला फुगणारा पट्टा आणि त्याला जोडलेली पाऱ्याची नळी असं यंत्र केलं, पण त्यात मनगटाची नाडी बोटाने चाचपून फक्त वरचंच बीपी कळायचं. खालचं बीपी आपल्याला दिलं ते निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन सर्जनने, १९०५ मधे, त्याने कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं आणि जेमतेम पानभर मजकुरात सांगून टाकलं की पट्ट्याची हवा सोडत आणताना पहिला ठोका ऐकू येतो ते वरचं आणि आवाज पूर्ण बंद होतो ते खालचं. आजही आम्ही पोरांना हेच शिकवतो.

पण या पद्धतीचा सगळा भार ऐकणाऱ्यावर असतो हे लक्षात घ्या. हवा सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर इतकीच हळू सोडायची असते, ओपीडीत ७० पेशंट बसलेले असताना कोण सोडतो एवढी हळू? भसकन सोडली की वरचं कमी येतं आणि खालचं जास्त. शिवाय काही म्हाताऱ्या माणसांमधे पहिले ठोके ऐकू येतात, मग मधेच आवाज गायब होतो आणि खाली परत सुरू होतो. पट्टा त्या गायब झालेल्या टप्प्यापर्यंतच फुगवला तर १८० चं बीपी १४० म्हणून लिहिलं जातं. म्हणून आधी नाडी चाचपत फुगवायचं, नाडी लागायची बंद झाली की अजून ३० वर न्यायचं आणि मगच स्टेथोस्कोपने ऐकायचं. ही पायरी गाळलेली मी सगळ्यात जास्त बघते. आणि एक, आकडे शून्यावर नेऊन ठेवायची सवय. कुठलाही जुना केस पेपर काढून बघा, १३०/८०, १४०/९०, १५०/१००. माणसाचं बीपी काही दहाच्या पाढ्यात चालत नाही.

पारा गेला तो वाईट मोजतो म्हणून गेला नाही, विषारी आहे म्हणून गेला. नळी फुटली की ते गोळे फरशीच्या फटीत जातात आणि त्याची वाफ त्या खोलीत दिवसभर बसणाऱ्यांच्या श्वासातून फुफ्फुसात जाते. २०१३ च्या मिनामाता करारात पाऱ्याची बीपी मशीनं बंद करायचं ठरलं आणि भारत त्या करारात आहे. काट्याचं मशीन हा पर्याय आहे पण ते एकदा पडलं की काटा सरकतो आणि वरून काही कळत नाही, सहा महिन्यांनी वर्षाने ते तपासून घ्यावंच लागतं आणि ते फार कमी ठिकाणी होतं.

डिजिटल मशीन कान लावत नाही. पट्ट्याची हवा उतरत असताना धमनी धडधडते त्याची बारीक थरथर पट्ट्यात उमटते, ती थरथर जिथे सगळ्यात मोठी तो साधारण मधला दाब, म्हणजे मीन, आणि त्यावरून कंपनीचं गणित वरचा आणि खालचा आकडा काढतं. म्हणजे हे दोन आकडे थेट मोजलेले नसतात, काढलेले असतात, आणि प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं. म्हणूनच मशीन घेताना ते मॉडेल माणसांवर तपासून पास झालंय का, म्हणजे क्लिनिकली व्हॅलिडेटेड आहे का, हे बघायचं, स्ट्राइड बीपी नावाच्या साइटवर अशा मॉडेलांची यादी फुकट बघायला मिळते. तसं पास झालेलं असेल तर तुमच्या डॉक्टरांनी केलं ते चांगलंच केलं. घाई, कान आणि शून्याची सवय, तिन्हीतून सुटका. २०१७ च्या शेवटी सुरू झालेल्या सरकारी हायपरटेन्शन कंट्रोल कार्यक्रमात, ज्यात महाराष्ट्र पहिल्यापासून आहे, आरोग्य केंद्रांवर डिजिटल मशीनंच वापरायचं ठरलं ते बरोबरच होतं.

प्रश्न : सासूबाईंचा दंड चांगला जाड आहे. पट्टा कसातरी ओढून चिकटवतो आणि फुगताना तो चर्रकन सुटतो. बीपी कायम १७० च्या आसपास. दोन गोळ्या चालू आहेत. (वाचक भगिनी, इचलकरंजी)

ताई, आधी शिंप्याची टेप घ्या. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधे दंडाचा घेर मोजा. बाजारातल्या मशीनबरोबर येणारा पट्टा बहुतेक २२ ते ३२ सेंटीमीटर घेरासाठी असतो, ते पट्ट्यावरच छापलेलं असतं पण ते वाचायची पद्धतच नाही आपल्याकडे. सासूबाईंचा घेर ३६, ३८ निघाला तर तो पट्टा त्यांच्यासाठी नाहीच. आतली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी लांब हवी आणि ४० टक्के रुंद. पिशवी लहान पडली की धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि मशीन बिचारं तीच हवा बीपी म्हणून दाखवतं.

फरक किती पडतो, तर २०२३ मधे अमेरिकेत छापलेल्या अभ्यासात ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो अशांना साधा पट्टा लावला तर वरचं बीपी साधारण २० ने जास्त आलं. २० म्हणजे एक अख्खी जास्तीची गोळी! एक नंबर मोठा पट्टा लागणाऱ्यांना साध्याने साधारण ५ ने जास्त आलं. आणि बारीक दंडाच्या लोकांना साधा पट्टा ढिला पडून थोडं कमी आलं, म्हणजे सडपातळ आजीबाईंना "बीपी छान आहे" असं सांगून घरी पाठवलेलं पण खरं असेलच असं नाही.

मोठा पट्टा त्याच कंपनीचा वेगळा विकत मिळतो, दुसऱ्या कंपनीचा घालू नका. लावताना खालची कड कोपराच्या खोबणीच्या दोन बोटं वर, पट्ट्यावरचा बाण किंवा नळी खोबणीतल्या धमनीच्या रेषेत, आणि पट्ट्याखाली एक दोन बोटं जातील इतकाच घट्ट. ब्लाऊजची बाही वर गुंडाळून दंडाला आवळून बसली असेल तर तो पण एक पट्टाच झाला, त्यामुळे सैल गाऊन घालून बघा. मोठ्या पट्ट्यावर आठवडाभराचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा, तोपर्यंत दोन्ही गोळ्या चालू ठेवा, स्वतःहून एकही बंद करायची नाही.

प्रश्न : बीपी उजव्या हाताला बघायचं की डाव्या? (बरेच वाचक)

पहिल्यांदा दोन्ही. ज्या हाताला जास्त येतं तो हात पुढे कायमचा धरायचा आणि केस पेपरवर तसं लिहून ठेवायचं. थोडा फरक सगळ्यांनाच असतो, पण वरच्या बीपीत परत परत १५ पेक्षा जास्त फरक येत असेल तर ज्या हाताला कमी येतंय त्याची धमनी कुठेतरी अरुंद झालीय का हे डॉक्टरांनी बघायला पाहिजे. डायलिसिसची फिस्चुला, म्हणजे धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, ज्या हाताला आहे त्या हाताला पट्टा कधीच लावायचा नाही, दवाखान्यात कुणी लावायला आलं तर स्पष्ट नाही म्हणा. ब्रेस्टचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात शक्यतो सोडायचा.

प्रश्न : बाबा निमोनियाने ११ दिवस आयसीयूत होते, आता घरी आहेत. तिथे मनगटात एक नळी घातली होती आणि मॉनिटरवर लाल लाट दिसायची. दंडाला पट्टा पण होता. दोन्हीचे आकडे वेगळे यायचे आणि आम्ही काचेतून बघून घाबरायचो. विचारलं की सिस्टर म्हणायच्या "कंसातला बघा". तो काय प्रकार असतो? (वाचक, नाशिक)

बाबा घरी आले हे वाचून छान वाटलं. हे खरं तर तेव्हाच कुणीतरी दोन मिनिटं उभं राहून तुम्हाला सांगायला हवं होतं. नातेवाईक दिवसभर त्या मॉनिटरकडे बघत बसलेले असतात आणि त्यातलं काय बघायचं ते त्यांना माहीत नसतं.

ती नळी म्हणजे आर्टेरियल लाईन. मनगटात अंगठ्याच्या बाजूला जिथे आपण नाडी बघतो त्या धमनीत सलाईनच्या सुईसारखी बारीक प्लास्टिकची नळी घालतात. तिला कडक भिंतीची सलाईनने भरलेली ट्यूब जोडलेली असते, ती जाते ट्रान्सड्यूसरकडे, तो दाबाचं रूपांतर विजेच्या सिग्नलमधे करतो आणि मॉनिटरवर प्रत्येक ठोक्याची एक लाट उमटते. सलाईनची पिशवी एका दाबाच्या जाकिटात घालून ३०० मिलिमीटरला फुगवलेली असते म्हणजे रक्त उलटं येत नाही आणि तासाला ३ मिलीच्या आसपास सलाईन आत जाऊन नळी मोकळी राहते.

पट्टा बीपी दर ५ किंवा १५ मिनिटांनी सांगतो, ही लाईन दर ठोक्याला सांगते. निमोनियातून जंतुसंसर्ग रक्तात पसरून बीपी कोसळलेलं असतं तेव्हा ते वर धरून ठेवायला नॉरअॅड्रेनालिनसारखं औषध पंपातून थेंबाथेंबाने देतात आणि ते मिनिटामिनिटाला कमी जास्त करावं लागतं, तिथे १५ मिनिटांपूर्वीचा आकडा काय कामाचा? शिवाय बीपी फार खाली गेलं की पट्टा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, नेमकं नको तेव्हा. आणि ऑक्सिजन, आम्ल बघायला सारखं रक्त लागतं ते याच लाईनमधून घेतात, दरवेळी मनगटात टोचावं लागत नाही.

आता आकडे का जुळत नाहीत. एक तर ट्रान्सड्यूसर बरोबर हृदयाच्या पातळीला पाहिजे, काखेच्या मधल्या रेषेत चौथ्या बरगडीच्या खालच्या फटीच्या उंचीला, आणि तिथे हवेला उघडून शून्य करून घ्यायचा असतो. बेड वर केला, पेशंटला बसवलं आणि ट्रान्सड्यूसर तिथेच खाली राहिला तर दर १० सेंटीमीटरला साडेसात मिलिमीटरची चूक. म्हणून पेशंट हलवला की सिस्टर आधी ती डबी वर खाली करताना दिसतात. दुसरं, ट्यूबमधे हवेचा बुडबुडा असला, छोटी गुठळी धरली किंवा मनगट वाकलं की लाट बसकी होते आणि वरचा आकडा पडतो. उलट कधी लाटेला टोकदार शेंडा येतो आणि वरचा आकडा फुगतो. या सगळ्या गोंधळात सगळ्यात कमी बिघडतो तो मधला दाब, मीन. तोच कंसातला आकडा. ९८/५४ च्या पुढे कंसात ६९ असं जे दिसायचं ते. मेंदू आणि किडनीला रक्त पोचतंय की नाही याचा अंदाज त्यावरून येतो, आणि बीपी कोसळलेल्या अशा पेशंटमधे तो सुरुवातीला ६५ च्या वर ठेवायचा प्रयत्न असतो. घरी ढोबळ काढायचा तर खालचं बीपी अधिक दोन्हींतल्या फरकाचा तिसरा हिस्सा. म्हणजे वरचे ९८ बघून तुमचं काळीज हललं तरी ६९ बघून सिस्टर शांत होत्या ते बरोबर होतं.

मग सगळ्यांनाच का नाही घालत? कारण ती धमनी आहे. जोड सुटला तर बघता बघता रक्त जातं, हाताच्या रक्तपुरवठ्याला अडथळा येऊ शकतो म्हणून बोटांचा रंग आणि गारवा सारखा तपासतात, आणि त्या लाईनमधून चुकून औषध गेलं तर हात धोक्यात येतो म्हणून तिच्यावर ठळक लेबल लावतात. गरज संपली की त्याच दिवशी काढायची असते आणि काढल्यावर ती जागा पाच दहा मिनिटं दाबून धरायची.

प्रश्न : २४ तासांचं मशीन लावायला सांगितलंय. ते होल्टरच ना? झोप लागेल का? (वाचक, ठाणे)

होल्टर ईसीजीचा, हा बीपीचा, लोक दोन्हीला होल्टरच म्हणतात. कमरेला छोटी डबी, दंडाला पट्टा, रोज ज्या हाताने लिहिता त्याच्या विरुद्ध हाताला. दिवसा १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री ३० ते ६० मिनिटांनी तो आपोआप फुगतो. फुगायला लागला की हात सैल सोडून स्थिर उभं राहायचं, लोकलमधे दांड्याला लटकत असाल तर तो हात खाली घ्या. नेहमीसारखं कामाला जायचं, घरी पडून राहून मोजण्यात काही अर्थ नाही. कधी जेवलो, कधी गोळी घेतली, कधी झोपलो कधी उठलो हे लिहून ठेवायचं. अंघोळ मात्र लावायच्या आधी उरकून घ्या. झोप थोडी मोडते, खोटं कशाला सांगू, पण एका रात्रीचा प्रश्न आहे.

आणि ती रात्रच सगळ्यात मोलाची आहे. झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरायला पाहिजे. घोरणाऱ्यांमधे ज्यांचा श्वास झोपेत अडकतो त्यांचं, किडनीच्या पेशंटचं, बऱ्याच डायबेटिसवाल्यांचं ते उतरत नाही, कधी उलट वाढतं, आणि हार्ट अटॅक आणि ब्रेन स्ट्रोकचा धोका या रात्रीच्या आकड्याशी जास्त जोडलेला आहे. ओपीडीत मोजून कुठल्याच डॉक्टरला हे कळू शकत नाही. रिपोर्टात बघताना रेषा वेगळ्या लक्षात ठेवा, २४ तासांची सरासरी १३०/८०, दिवसाची १३५/८५, रात्रीची १२०/७०. दिवसाची २० आणि रात्रीची ७ रीडिंग तरी नीट आलेली असावीत, नाहीतर परत लावावं लागतं.

प्रश्न : मुलाने बीपी दाखवणारं घड्याळ दिलंय. गोळी त्यावर ठरवू का? (वाचक, बडोदा)

नको. पट्टा नसलेली बहुतेक घड्याळं मनगटावर उजेड टाकून नाडीच्या लाटेवरून अंदाज बांधतात आणि तो अंदाज सुद्धा आधी पट्ट्याच्या मशीनने सेट करून दिलेल्या आकड्याच्या आधारावर. पावलं मोजायला वापरा. बीपीसाठी दंडाचं मशीन.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. तपासणीत एकदा १४२/९२ आलं, डॉक्टरांनी घरी रोज बघायला सांगितलंय. घरात बाबांचं मशीन आहे ते चालेल का? (वाचक, पुणे)

चालेलच असं नाही, हे आधी सांगते. गरोदरपणात आणि विशेषतः प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवरही परिणाम होतो तो आजार, झाला असेल तर बरीच डिजिटल मशीनं खऱ्यापेक्षा कमी दाखवतात, म्हणून गरोदर बायकांवर वेगळं तपासून पास झालेलं मॉडेल लागतं. बाबांचं त्यात बसतंय का बघा, नसेल तर दुसरं घ्या, इथे काटकसर करू नका. बसून मोजा, झोपून मोजायचंच असेल तर डाव्या कुशीवर, उताणं नको.

१४०/९० ला फोन करून कळवायचं. १६०/११० किंवा वर आलं आणि १५ मिनिटांनी परत बघून पण तेवढंच असेल तर थेट हॉस्पिटल, रात्रीचे दोन असले तरी. आणि आकडा कमी असला तरी डोकं ठणकणं, डोळ्यासमोर चमकणं, पोटाच्या वर उजवीकडे दुखणं, तोंडावर एकदम सूज, यातलं काही झालं तर मशीनकडे बघत बसू नका, निघा. डिलिव्हरी झाल्यावर पण पहिले काही दिवस मोजत राहायचं, बीपी तेव्हा सुद्धा चढतं आणि घरात सगळे बाळात गुंतलेले असतात.

प्रश्न : आजोबांचं बीपी घेताना मशीन सारखं एरर दाखवतं नाहीतर दरवेळी भलताच आकडा. तीन मशीनं बदलली. (वाचक, लातूर)

चौथं घेऊ नका, आजोबांची नाडी बघा. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर. ठोके कसेही, मधेच जवळ मधेच लांब पडत असतील तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार, असू शकतं. त्यात प्रत्येक ठोक्याची ताकद वेगळी असल्यामुळे डिजिटलचं थरथरीचं गणित चुकतं. या आठवड्यातच ईसीजी काढा. मुद्दा बीपीच्या पुढचा आहे, या आजारात हृदयात गुठळी होऊन लकवा मारू शकतो आणि रक्त पातळ करायच्या औषधाने तो बराचसा टाळता येतो. बीपी मात्र डॉक्टरांकडून स्टेथोस्कोपने मोजून घ्या, निदान तीन वेळा, आणि सरासरी धरा.

प्रश्न : वय ७६. बसून बीपी १३६/८० येतं, सगळे म्हणतात उत्तम. पण सकाळी उठून उभा राहिलो की डोळ्यासमोर अंधारी येते, गेल्या महिन्यात बाथरूममधे पडलो. (वाचक, सावंतवाडी)

काका, तुमचं उभं राहून बीपी कुणी बघितलंच नाहीये. ५ मिनिटं पडून राहायचं, बीपी घ्यायचं, मग उभं राहायचं आणि १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी परत घ्यायचं. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर चक्कर त्याचीच. हे करताना घरातलं कुणीतरी शेजारी उभं पाहिजे आणि मागे पलंग असू दे, मोजायला जाऊन परत पडायला नको. तिन्ही आकडे वेळेसकट कागदावर लिहा, शेजारी "पडून", "उभा १ मिनिट", "उभा ३ मिनिटं" असं लिहा आणि तुमच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा, प्रोस्टेटची गोळी असेल तर ती पण, कारण त्यातल्या काही गोळ्या उभं राहिल्यावरचं बीपी पाडतात आणि ती गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली असल्यामुळे पहिल्यांना माहीतच नसते. डायबेटिस असेल तर तेही सांगा. बीपीची गोळी मनाने बंद करू नका, वेळ किंवा डोस बदलून बऱ्याचदा काम होतं. तोपर्यंत सकाळी आधी पलंगावर पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, पायाचे पंजे वर खाली करायचे आणि मगच उठायचं, आणि बाथरूमची कडी आतून लावू नका.